गायकवाड बाईंचा प्राण्यांचा तास

गायकवाड बाईंच्या घरी चहाच्या आधी एखादा प्राणी यायचा. नोकरीत बढती मिळाली म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तर बाईंनी दारातच अडवलं. "आधी सांग, आफ्रिकेतला सिंह राहतो कुठं?" मी आपला शहाण्यासारखा म्हणालो, जंगलात. "दाट जंगलात काय करील तो? गवताळ माळावर राहतो! आणि तू म्हणे साहेब झालास. ये, बस." मग पेढ्याचा डबा उघडला गेला.

आमच्या या तेलुगू-दखनी शहरात, जामबागेतल्या मराठी शाळेत बाई आम्हाला विज्ञान शिकवायच्या. मूळच्या नांदेडकडच्या. लग्न केलं नाही. भावाचं कुटुंब पुण्याला गेलं आणि इथल्या हिमायतनगर भागातल्या दोन खोल्यांत बाई एकट्या उरल्या. पुस्तकातला धडा त्या झटपट उरकायच्या आणि उरलेल्या वेळात वर्गात जनावरं सोडायच्या. साळिंदर काटे फेकून मारत नाही, शत्रूच त्याच्यावर येऊन आपटतो. मोराचा पिसारा म्हणजे त्याची शेपूट नव्हे. शेपूट मागे लपलेली असते, बिचारी पिसारा उचलून धरते. आम्ही हसलो की म्हणायच्या, "हसा रे लेकरांनो, पण ऐकत हसा."

शाळा बंद पडली. मग बाईंनी कोठीतल्या एका मराठी वाचनालयात दर रविवारी प्राण्यांचा तास सुरू केला. आठवडाभर त्या या एका सकाळसाठी जगायच्या असं म्हटलं तरी चालेल. समोर मुलं बसलेली असावीत आणि आपण त्यांना रानातलं काही सांगावं, याखेरीज त्यांना दुसरं काही नको होतं. तास मात्र मराठीतच घ्यायचा, असं त्यांनीच ठरवलं होतं.

पण मुलं आता आमच्यासारखी नव्हती. घरी अर्धीमुर्धी मराठी, शाळेत इंग्रजी, खेळायला गल्लीतली दखनी उर्दू नाहीतर तेलुगू. आईबापांनी हट्टाने आणून बसवलेली ती मुलं बाईंकडे पाहत राहायची आणि हळूच खिशातला मोबाइल काढायची. एकेक गळू लागलं. मला वाईट वाटायचं, रागही यायचा. इतकं रसाळ बोलणारं माणूस, आणि समोर जांभया!

एका रविवारी बाई तरसाबद्दल सांगत होत्या. त्याची विष्ठा वाळली की पांढरी दिसते, हे ऐकून एका मुलीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "टीचर, सफेद कायकू?" बाई थबकल्या. मुलीचा चेहरा खरोखरच उत्सुक होता. मराठीत सांगितलं तर तो पुन्हा विझणार, हे त्यांना दिसत होतं. मग बाई म्हणाल्या, "उने हड्डियाँ चबा डालता बेटा. वहीच चूना बाहर आता." खोलीभर हशा उसळला. मग प्रश्नांवर प्रश्न. तास संपला तरी कुणी उठेना.

तास संपल्यावर वाचनालयाचे चिटणीस अदबीने म्हणाले, "बाई, लेकरांच्या कानावर मराठी पडावी म्हणून ही खोली आहे. दखनी तर गल्लीत फुकट मिळते."

"खरं आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "पण आज त्यांनी ऐकलं हो." पुढच्या रविवारपासून त्या वाचनालयात गेल्या नाहीत. चिटणिसांचं चुकलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, मीही म्हणत नाही.

तास त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर गेला आणि दखनीत चालू लागला. तिथे शेजारपाजारची तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं जमू लागली आणि बाईंच्या रानकुत्र्यांनी तिथे चांगलाच जम बसवला. ही कुत्री भुंकत नाहीत, शीळ घालून एकमेकांना बोलावतात, आणि शिकार झाली की आधी पिल्लांना जेवू देतात. मुलं खूश. बाईही खूश असतील असं मी धरून चाललो होतो.

"मुलं भरपूर येतात रे," एकदा त्या म्हणाल्या, "पण खाली घरात आले की तोंड परकं वाटतं. दिवस दिवस माझा मराठी शब्द कुणाच्या कानावर पडत नाही." मग रविवारी दुपारी मला त्यांचा फोन येऊ लागला. सकाळी गच्चीवर जे सांगितलं ते सगळं पुन्हा मराठीत. मी मध्येच "हो, हो" केलं की दटावायच्या, "हुंकार नको भरू. ऐक नुसतं."

एकटं राहण्याबद्दल कुणी कीव केली की त्या चिडायच्या. "वाघीणसुद्धा एकटीच फिरते. अंगावर पिल्लं नसली की जवळ कुणी नसतं." एकदा मात्र फोनवर म्हणाल्या, "पण झाडाच्या खोडावर नखं ओढून ठेवते बघ ती. दुसऱ्या कुणाला तरी कळावं ना, इथं मी आहे म्हणून."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. पुण्याहून भाचा आला, त्याने खोल्या रिकाम्या केल्या. त्याला मदत करायला मी गेलो होतो. तासाची सतरंजी आणायला गच्चीवर चढलो, तर तासाला येणारी तळमजल्यावरची छोटी सौम्या तिथे एकटीच बसली होती. तिच्या घरी तेलुगू बोलतात. मला पाहून म्हणाली, "अंकल, खवल्या मांजर को दाँत नै रहते, मालूम?"

मी तिच्याजवळ बसलो. "फिर खाता कैसे?"

"मुंग्या निगलता. छोटे छोटे फत्तर भी. पेट में पीसने को. डर लगा तो अम्मा बच्चे को बीच में लेको गोल हो जाती."

"ये मराठी नाम कौन बोला तेरे को?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मला काहीच कळत नाही. "नाम तो उसका यहीच है ना, अंकल."

मी सतरंजी घेऊन जिना उतरू लागलो. हे सगळं कुणाला तरी लगेच मराठीत सांगावं असं फार वाटलं. पण या शहरात ज्यांना सांगितलं असतं, त्या बाईच नव्हत्या.