टेलरमामांची मिच्छामि

कपडा जरा कमी-जास्त कापला गेला की टेलरमामा कात्री खाली ठेवत, गळ्यातल्या टेपसकट हात जोडत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "मिच्छामि, भाऊ!" नवख्याला वाटे, मारवाड्याच्या दुकानात शिकलेली शिवी असावी.

अंबडला आमच्या कापडदुकानाच्या ओट्यावर त्यांचं मशीन होतं. शब्द आमचा, जैनांचा. संवत्सरीला, म्हणजे वर्षाची माफी मागायच्या दिवशी, आम्ही घरोघर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. जुनं प्राकृत आहे. माझ्या हातून घडलेलं वाईट फोल ठरो, असं अख्खं वाक्यच ते. मामांनी त्याची शेपटी तोडली आणि उरलेल्याला बाईमाणूस करून टाकलं. "काल बायकोला दोन मिच्छाम्या दिल्या, तवा चहा भेटला."

माझे वडील चिडायचे. "अरे, धर्माचा शब्द आहे तो!"

"मंग धर्माला बी एक," म्हणून मामा मोकळे.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस कुणाशी वैर धरील? पण कुंभार पिंपळगावात त्यांचा सख्खा मोठा भाऊ होता. पुतणीच्या लग्नात, भर मांडवात, मामांनी त्याच्या कानाखाली वाजवली होती. कशावरून, तर मानपानावरून! तेव्हापासून बोलणं बंद.

दर संवत्सरीला मामा नवा सदरा घालून गावाकडे निघत आणि दुपारी परत मशीनवर.

"घनसावंगीपर्यंत गेल्तो, शेठजी. पुढची जीप उभीच होती. पाय उचलंना."

"मग फोन तरी करा," मी म्हणायचो.

"न्हाई. ज्या हातानं दादाला मारलं, तो हात त्याच्यासमोर जोडावा लागंल. फोनवर हात दिसतो का?"

मला भारी राग यायचा. साऱ्या जगाला मिच्छामि वाटत सुटायचं आणि जिथं द्यायची तिथं पाय अडायचा! पण त्यांचा चेहरा पाहिला की मी चहाच सांगायचो.

यंदा संवत्सरीच्या आधीच मामा गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला अजून ओट्याकडे बघवत नाही.

संवत्सरीच्या सकाळी धोतरातला एक म्हातारा दुकानात आला. नाक अगदी मामांचं.

"धाकटा इथंच बसायचा ना?"

मी मशीन दाखवलं.

"दरसाली तो घनसावंगीहून वापस जातो, हे जीपवाले सांगायचे. मी आमच्या गावच्या फाट्यावर येऊन बसायचो, शेठजी. पुढं यायला मोठेपणा आडवा आला." मग मशीनकडे बघत म्हणाला, "तुमच्यात आज काय म्हणतेत, ते सांगा."

मी सांगितलं. त्याच्या तोंडून अर्धंच निघालं. मशीनसमोर हात जोडून तो म्हणाला, "मिच्छामि," आणि उत्तराची वाट बघत असल्यासारखा तिथंच उभा राहिला.