कुलूप लागलेलं लग्न

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कळत नाही. चुका होतील, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी दाराआड जाते. म्हणून सुनेच्या तोंडावर जे कधी म्हणाले नाही ते इथं लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही.

आमचा औशात फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत हे कॅमेरा घेऊन गावोगाव फिरतात. एरवी पासपोर्ट फोटो आणि जावळ-बारशावर घर चालतं. पडदे धुणं आणि लहान लेकरांना फोटोपुरतं हसवणं एवढं माझं काम. सून नांदेडची, कम्प्युटर शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा हे म्हणाले होते, "स्टुडिओत बायांचं काय काम?" माहेरहून आणलेला लॅपटॉप तिनं कपाटावर ठेवला आणि वर जुनी साडी झाकली.

मुखेडच्या एका गुरुजींच्या मुलीच्या लग्नाचे फोटो यांनी काढले होते. गुरुजी भरवशाचे माणूस, सगळे पैसे आधीच हातावर ठेवले. आल्बम बनवायचं काम चालू असताना कुणीतरी यांच्या मोबाइलवर एक लिंक पाठवली. आल्बमची पानं सजवायचं महागाचं सॉफ्टवेअर म्हणे फुकट मिळतं. यांनी ते उतरवून घेतलं. उघडायला गेले तर अँटीव्हायरस अडवू लागला. सोबत सूचना होतीच, आधी अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच अडवतो. यांनी बंद केला.

मी जेवायला बोलवायला गेले तर हे पांढरेफटक होऊन बसलेले. पडद्यावर फोटोंच्या जागी कोरे कागद, आणि प्रत्येक फोटोच्या नावाला चार अनोळखी अक्षरांचं शेपूट लागलेलं. मी सुनेला हाक मारली. तिथं इंग्रजीत एक चिठ्ठी होती, ती तिनं वाचली आणि वाचता वाचताच इंटरनेटची वायर उपसली.

"काय लिवलंय?" यांनी विचारलं.

"तुमच्या सगळ्या फाइलींना कुलूप लावलंय मामा. चावी पाहिजे तर डॉलरमध्ये पैसे भरा म्हणतात. लवकर भरले तर निम्मे."

"चोर बी सूट द्यायला लागले का आता!"

मग तिची नजर शेजारच्या छोट्या डिस्कवर गेली. "ही कधीपासून लावलेली आहे?"

"कायमच असतीय. फोटो जपून ठेवायला."

"लावलेली होती म्हणूनच तिच्यातलंही गेलं. जपायची डिस्क काम झालं की काढून ठेवायची असती."

हे तर पैसे भरायला निघाले होते. "गुरुजीला काय तोंड दाखवू? लेकीचं लग्न काय पुन्हा लावायला सांगू का त्यांना?"

"पैसे घेऊन चावी देतीलच कशावरून? मला बघू द्या."

"तुला जमंल का?"

"नाही जमलं तर खुर्ची तुमचीच हाय."

यांना असं उत्तर देणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. मी हसू दाबायला पदर तोंडावर धरला.

तिनं कपाटावरचा लॅपटॉप काढला. अशा चोरांच्या कुलपांच्या चाव्या शोधून फुकट देणारी एक जागा इंटरनेटवर आहे. तिथं तिनं ती चिठ्ठी आणि एक बिघडलेला फोटो दाखवला. कुलूप कोणत्या जातीचं ते कळलं, पण त्याची चावी अजून कुणाला सापडली नव्हती. हे डोकं धरून बसले. सून म्हणाली, "कॅमेऱ्याची कार्डं कुठं आहेत?"

"पुसली की. एक तर जावळाला वापरलं."

"दोन्ही इकडं द्या, आणि कॅमेऱ्यात आता घालू नका. पुसलं म्हणजे पुस्तकाचं यादीचं पान फाडलं, एवढंच. वरून दुसरं लिहीपर्यंत आतली पानं तशीच असतात."

तिनं पुसलेलं शोधणारा प्रोग्राम लॅपटॉपवर लावला. पहिल्या कार्डातून नवरी वर आली. मग नवरीचा मामा, मग वरात, मग गुरुजी डोळे पुसताना. हे उठून तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. दुसऱ्या कार्डात मात्र हळद होती, आणि हळदीच्या जागेवर जावळाचं रडकं बाळ येऊन बसलेलं. ते फोटो गेले ते गेलेच.

लग्नाचा व्हिडिओही कुलपात अडकला होता, पण ती फाइल मोठी होती. सून म्हणाली, चोराला घाई असते, मोठ्या फाइलीचं तो फक्त तोंड बांधतो. त्याच कॅमेऱ्याचा एक चांगला व्हिडिओ नमुन्याला घेऊन तिनं ते तोंड नवं बसवलं. अंतरपाट सरकला, अक्षता पडल्या. हे नाक शिंकरत बाहेर गेले.

मग तिनं कम्प्युटर साफ केला. नुसता व्हायरस काढून भागत नाही, आत काय लपलंय सांगता येत नाही, म्हणाली. कुलूप लागलेल्या फाइली एका वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवल्या, पुढंमागं चावी सापडली तर असाव्यात म्हणून. बाकी सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. मेलचे आणि बँकेचे पासवर्ड लॅपटॉपवरून बदलले. सायबर पोलिसांकडं तक्रारही केली. एवढं करताना ती एकदाही यांना "तुम्ही असं का केलं" म्हणाली नाही. मी असते तर म्हणाले असते, निदान मनात.

"आता गुरुजींना खरं सांगायचं," ती म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "आत्या, तुम्ही चला माझ्यासोबत."

मुखेडला एसटीनं गेलो. ती ओसरीवर गुरुजींना सगळं समजावत होती. मी आत बायांत बसले. मला घाम फुटला होता, तरी विचारलं, "हळदीचे फोटो तुमच्या कुणाच्या मोबाइलात असतील का हो?"

नवरीची चुलती म्हणाली, "हायत की लई! पण त्यात माझंच तोंड जास्त हाय, चालंल का?"

सगळ्या हसल्या. एकीनं दिले, मग सगळ्यांनीच दिले.

आल्बम झाला, गुरुजींच्या घरी पसंत पडला. तरी हे म्हणाले, "फोटोग्राफर मी आणि हळद बायांच्या मोबाइलातली. पैसे कशाचे घेऊ?" गुरुजी नको नको म्हणाले. हे ऐकेनात. पैसे तर आधीच कॅमेऱ्याची नवी लेन्स घेण्यात गेले होते, म्हणून थोडे थोडे परत करायचे ठरले.

आता स्टुडिओतल्या खुर्चीवर सून बसते. जपायची डिस्क काम झालं की काढून माझ्याकडं देते, मी ती धान्याच्या कोठीमागं ठेवते. आल्बमचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. लोक तिलाच विचारत येतात. हे बाहेर बाकावर बसून कुणालाही सांगतात, "आत मॅडम हाय, तिला इचारा."

शेवटचे पैसे द्यायला आम्ही तिघं मुखेडला गेलो. यांनी नोटा सुनेच्या हाती दिल्या, म्हणाले, "तूच दे." गुरुजींनी चहा पाजला, म्हणाले, "नातवाचं जावळ हाय, येताना कार्ड कोरं आणा बरं." मग त्यांनी नोटा न मोजताच खिशात घातल्या. मुखेडचे सगळे पैसे फिटले.