सात नंबरचे दोन पाइप

ठेकेदार बदलला की वेल्डरची परीक्षा पुन्हा. कालपर्यंत कारखान्याच्या ज्या गेटच्या आत मी पाइप जोडत होते, त्याच गेटच्या आत दुसऱ्या ठेकेदाराकडे गेले की माझा हात कोरा ठरायचा. टेस्टचा नंबर लागेपर्यंत घरी बसा, मग पुन्हा जोडून दाखवा. लग्नाच्या मुलीनेही इतक्यांदा पोह्यांच्या बशा नेल्या नसतील.

म्हणून आमच्या साइटवरच्या तिन्ही ठेकेदारांनी मिळून एकच टेस्ट घ्यायची ठरवली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. तिघांचेही इंजिनिअर समोर उभे राहणार, आपण एकदाच पाइप जोडायचा आणि तो तिघांनी मान्य करायचा. पण त्याची दुसरी बाजूही त्यांनी सांगून टाकली होती. जो नापास, तो तिघांकडेही नापास.

आमच्या भंडारा जिल्ह्यात माझ्याजोगतं काम तेव्हा तेवढंच होतं. ते गेलं की पुन्हा गुजरात. आदल्या वर्षी मी तिकडेच होते आणि मुलगी मोहाडीला माझ्या आईजवळ. सुरुवातीला ती फोनवर रोज विचारायची, तू कधी येशील? नंतर तिने विचारणंच सोडून दिलं. ते मला पुन्हा सोसलं नसतं. काही झालं तरी हे गेट सोडायचं नाही, असं ठरवूनच मी त्या दिवशी तोंड झाकणारं वेल्डिंगचं हेल्मेट घातलं.

टेस्टचा पाइप स्टँडवर तिरपा बसवलेला असतो. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. खालच्या बाजूचं वेल्डिंग मान वर करून करावं लागतं आणि खरी परीक्षा तिथेच असते. माझ्या शेजारच्या स्टँडवर एकोडीचे एक काका होते. धानाची शेती सांभाळून ते कित्येक वर्षं वेल्डिंग करत आलेले. या साइटवर मी नवी असताना खालच्या बाजूला रॉड कसा धरायचा, ते त्यांनीच मला शिकवलं होतं. ते दुसऱ्या ठेकेदाराकडे, मी पहिल्याकडे. दोघांचेही पाइप दुपारपर्यंत जोडून झाले.

मग घोळ झाला. प्रत्येक इंजिनिअरने आपापल्या माणसाच्या पाइपवर नेहमीसारखा नंबर पंच केला. मी आमच्याकडे सात नंबरची आणि काका त्यांच्याकडे सात नंबरचे. आपल्या एकट्याच्या आवारात एक सात पुरतो. इथे तीन आवारं एकत्र आलीत, तेव्हा सोबत ठेकेदाराची खूणही हवी, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तीन तिघाडा, काम बिगाडा म्हणतात ते हेच.

सगळे पाइप एकाच ठिकाणी नेऊन त्यांच्या पट्ट्या कापल्या, वेल्डिंग घासून सपाट केलं आणि पट्ट्या प्रेसमध्ये घालून वाकवल्या. एका सातच्या साऱ्या पट्ट्या छान वाकल्या. दुसऱ्या सातची एक पट्टी जोडावरच उकलली, म्हणजे तो नापास. घासून सपाट झाल्यावर कुणाचा हात कोणता, हे ओळखू येत नाही. मी खूप वेळ पाहिलं. मलाही माझी ओळखता आली नाही.

तिघा इंजिनिअरांची कुजबुज झाली आणि आमचे इंजिनिअर माझ्याकडे आले. "मॅडम, काकांचा अनुभव मोठा आहे. तुटलेली तुमचीच असणार. पुढच्या वेळी बघू."

माझं डोकं सणकलं. पुरावा दाखवला असता तर मी मुकाट्याने गिळलं असतं.

"मिशा पाहून लोखंड वाकत नाही, साहेब," मी म्हणाले. "दोघांचीही टेस्ट पुन्हा घ्या."

"रिपोर्ट आजच द्यायचाय."

"मग आजच घ्या."

सगळे काकांकडे पाहू लागले. ते खाली पाहत बसले होते. नुसते गप्प राहिले असते तरी पास होते. ते माझ्या बाजूने काहीच बोलत नाहीत याचा मला रागही आला. मग ते उठले. "लावा पाइप," एवढंच म्हणाले.

नवे पाइप लागले. माझा पहिला थर झाला, मी तो घासत होते, एवढ्यात शेजारचा आवाज थांबला. काकांनी हेल्मेट वर केलं होतं.

"साहेब, तुटली ते पट्टी माहीच होती. खालून रॉड चिकटला होता, मले तवाच समजलं. पोरीले पास करा."

मग आमच्या इंजिनिअरने सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, मिटलं. बंद करा मॅडम, तुम्ही पास."

"ऊठ व पोरी," काका म्हणाले. "झालं तुहं."

त्यांना ते बोलणं किती जड गेलं असेल, हे मला कळत होतं. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी संतापही आला. मघाशी एका माणसाच्या मिशांनी मला नापास केलं होतं, आता त्याच माणसाच्या शब्दाने मी पास होत होते. यात माझं वेल्डिंग कुठे होतं?

"नाही काका," मी म्हणाले. "माहं अजून व्हायचं हाय." आणि हेल्मेट खाली ओढलं.

मी पाइप पूर्ण केला. खालच्या बाजूला तर जरा जास्तच सावकाश गेले. इंजिनिअर घड्याळ पाहत होते, त्यांना पाहू दिलं. पट्ट्या कापून, घासून प्रेसमध्ये घातल्या. प्रत्येक वाकलेल्या पट्टीवरून मी बोट फिरवलं. कुठेही चीर नव्हती. त्या मी इंजिनिअरच्या हातात दिल्या.

"हा सात माझा. आता लिहा पास."

त्यांनी लिहिलं आणि तिघेही निघण्याच्या तयारीला लागले. काका आपली पिशवी भरत होते. त्यांच्या स्टँडवरचा पाइप तसाच अर्धा होता.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "टेस्ट दोघांची ठरली होती. हा पाइप कुठे तुटलाय अजून?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काकांच्या इंजिनिअरने खिशात ठेवलेलं पेन पुन्हा बाहेर काढलं.

"काहून बसले काका?" मी विचारलं. "पाइप अर्धाच हाय ना तुमचा."

काकांनी पिशवी खाली ठेवली आणि हातमोजे पुन्हा चढवले.