पहिली गोष्ट घरधनिणीची

मर्डिनाचं नाव तिच्या जन्माआधीच ठरलं होतं, फक्त ते मुलाचं होतं. आजोबा मर्डो, म्हणून नातूही मर्डो, असा स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आमच्या हॅरिस बेटावरचा रिवाज. मुलगी झाली तेव्हा सुईण म्हणाली, आता दुसरं नाव बघा. वडील म्हणाले, नाव तेच राहील, हवं तर शेपूट लावा. अशा शेपूट लावलेल्या डोलिना आणि केनेथिना आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण ‘तेच राहील’ हे शब्द मर्डिनाइतके कुणाच्या अंगात मुरलेले मी पाहिले नाहीत.

मी आर्डव्होर गावच्या शाळेत मास्तर होतो. मूळचा स्कायचा, म्हणजे समुद्रापलीकडच्या बेटाचा. त्यामुळे इथे म्हातारा झालो तरी इथल्या हिशेबाने परकाच. शाळेच्या कुंपणाला लागून मर्डिनाचं घर. तिच्या मागाचा खटखटाट दिवसभर वर्गात ऐकू यायचा. मुलं त्याच ठेक्यावर पाढे म्हणायची आणि माग थांबला की अडखळायची.

तरुणपणी ती गावातल्या इतर मुलींबरोबर हेरिंग मासे साफ करायच्या कामाला मुख्य भूमीवर गेली होती. सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळून त्या काम करत. वडिलांचे पाय गेले तेव्हा ती परत आली आणि त्यांच्या मागावर बसली. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं. तिने भरलेली कांडी धोट्यात बसवली आणि म्हणाली, “एक आला होता, मास्तर. चांगला होता. गाई होत्या, बोट होती. गोष्ट मात्र एकही सांगता यायची नाही त्याला.”

गावाची संध्याकाळची बैठक तिच्या आजोबांच्या काळापासून त्याच घरात भरे. दार वाजवायचं नाही, सरळ आत यायचं आणि विस्तवाजवळ जागा असेल तिथे बसायचं. माळावर कापून वाळवलेल्या पीटच्या, म्हणजे जळाऊ मातीच्या, विटा जळत असत. नियम एकच होता: पहिली गोष्ट घरधन्याची, पुढची पाहुण्याची. पाहुण्याने सांगितल्याशिवाय घरधन्याने दुसरी सांगायची नाही. गोष्ट येत नसेल तर गाणं, तेही नसेल तर आजारी गाईची हकिकत. पण नुसतं ऐकून कुणी उठायचं नाही. टेलिव्हिजन आला आणि बैठक विरळ झाली. काही वर्षं तर आम्ही दोघं-तिघंच असायचो. नियम तेवढ्यांनाही लागू होता. मला माझ्या दातदुखीची गोष्ट तीन हिवाळे सांगावी लागली आहे.

मग नव्वदच्या दशकात बस येऊ लागली. एडिनबराच्या कुठल्याशा कंपनीची. तिच्यातून कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथली माणसं यायची, ज्यांच्या खापरपणज्यांना या बेटांवरून हाकलून जहाजात घातलं होतं. पूर्वजांच्या भूमीत बसून पूर्वजांच्या गोष्टी ऐकायच्या, अशी ती सहल. बरोबर गॅव्हिन नावाचा वाटाड्या असे. मुलगा नीटनेटका होता, मनाने वाईट नव्हता. त्याला मर्डिनाचं बुटकं दगडी घर फार आवडलं. फक्त माग बाजूला सारून तिथे चरखा ठेवावा आणि नायलॉनच्या झग्याऐवजी तिने शाल पांघरावी, असं त्याने सुचवून पाहिलं.

“चरखा माझ्या आजीने कोंबड्यांना बसायला दिला होता,” मर्डिना म्हणाली. “त्यांना विचार.”

पहिले दोन उन्हाळे तसेच गेले. मर्डिना एक गोष्ट सांगायची, मग पाहुण्यांकडे बघायची. पाहुणे जमिनीकडे बघायचे, आणि गॅव्हिन घाईघाईने वेळ झाल्याचं जाहीर करायचा. तिसऱ्या वसंतात तो बसशिवाय, एकटा आला. मी तिथेच होतो.

“मर्डिनाबाई, लोक ऐकायला येतात. त्यांना बोलायला लावलं की ते अवघडतात. तक्रारी आल्यात.”

“कसल्या?”

“की आम्ही काय सांगणार, आम्हाला कुठे काय येतं.”

“सत्तर वर्षं जगले आणि सांगण्यासारखं काही घडलं नाही? ही तक्रार माझ्याबद्दल कशी रे?”

गॅव्हिनने कंपनीचा निरोप सांगितला. यंदापासून सलग दोन गोष्टी: एक वीरपुरुषाची, एक सीलमाशाच्या बायकोची. मग चहा, फोटो, बस. हे जमणार नसेल तर बस पुढच्या गावात थांबेल. “तिथे यूइन नावाचे गृहस्थ तयार आहेत.”

“यूइनला गोष्टी येतात?”

“पाठ करतो म्हणालेत.”

“मग त्याच्याकडे जा. पाठ करणाऱ्याला पाहुणा कशाला लागतो, आरसा पुरतो.”

गॅव्हिन म्हणाला, पहिल्या फेरीला येतो, तोवर विचार करा. तो गेला आणि केनी आला. केनी म्हणजे मर्डिनाचा चुलत चुलतभाऊ आणि समोरचा शेजारी. बसच्या भरवशावर त्याने रस्त्याकडेला चहाची टपरी बांधली होती, त्याची बायको हिवाळाभर पायमोजे विणत होती.

“मर्डिना, सांगून टाक की दोन गोष्टी. तुझं काय जातंय?”

“घर जातंय.”

“घराला काय धाड भरलीय? इथेच राहील.”

“यायचं, घ्यायचं, आणि काही न ठेवता निघून जायचं, ही रीत जमीनदाराच्या कारभाऱ्याची, केनी. पाहुण्याची नव्हे.”

“कारभारी पायमोजे घेत नव्हता,” केनी म्हणाला आणि निघून गेला. पुढे किती तरी दिवस तो बैठकीला फिरकला नाही.

पहिली फेरी जूनमधल्या एका शनिवारी दुपारी आली. मर्डिना दारात उभी राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला आमचा नेहमीचा प्रश्न विचारत होती. आमच्याकडे नाव नंतर विचारतात. कोटावर कुळाचा चांदीचा बिल्ला लावलेली एक स्थूल, सत्तरी ओलांडलेली बाई आली. कॅनडातल्या केप ब्रेटनची. तिचं नाव व्हर्ना.

“तू कुणाची गं?”

“मी मॅकॅस्किल,” व्हर्नाने बिल्ल्याला हात लावला.

“मॅकॅस्किल अर्धं बेट आहे. तू कुणाची?”

“आमचे पूर्वज सरदारांच्या पदरी होते म्हणतात.”

“सरदार कुणाचेच नव्हते, पोरी. ये, विस्तवाजवळ बस.”

मर्डिना खुर्चीत बसली, विणकाम मांडीवर घेतलं आणि आपली गोष्ट सुरू केली. वीरपुरुषाची नव्हे. तिच्या पणजीच्या आईची, उंच ॲनाची. आमच्या बेटाच्या पश्चिमेला हिरवं कुरण आहे आणि पूर्वेला नुसता खडक. मेंढ्यांना कुरण हवं होतं म्हणून माणसांना खडकावर हाकललं, ही हकिकत इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. बेटावर झाड नाही. घराची तुळई समुद्राने आणून टाकलेल्या लाकडाची, ती पणजोबाकडून पणतूकडे जायची. कारभाऱ्याची माणसं छप्पर उपसून तुळया जाळत होती, म्हणजे कुणी परत यायला नको. उंच ॲनाने पेटलेली तुळई ओढून काढली, ओल्या गवतात लोळवली आणि खांद्यावर घेतली. कारभारी म्हणाला, ते लाकूड जमीनदाराचं आहे. ॲना म्हणाली, “मला समुद्राने दिलंय. जा, समुद्राला विचारून ये. मी थांबते.” तो गेला नाही. ती तुळई घेऊन डोंगर ओलांडून पलीकडे उतरली.

“ती ही,” मर्डिनाने सुई वर केली. तुळईचं एक टोक अजून काळं आहे. “झाली माझी.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गॅव्हिन पुढे झाला. “आणि आता सीलमाशाच्या बायकोची...”

“आता पाहुण्यांची,” मर्डिना म्हणाली आणि विणू लागली.

एकाने छायाचित्र काढलं, दुसऱ्याने खोकून घेतलं. खिडकीबाहेर केनी स्कोन नावाच्या गोड पावांचा ट्रे घेऊन उभा होता आणि माझ्याकडे बघून हातवारे करत होता. शेवटी गॅव्हिनने खिशातून कागद काढला. “ठीक आहे, मीच सांगतो.”

“तू पाहुणा नाहीस, गॅव्हिन. तू बसचा माणूस. बस खाली.”

“मर्डिनाबाई, आमची बोट आहे. ही आजची शेवटची.”

“मग जा. दार उघडंच आहे. मी कुणाला धरून ठेवलंय का?”

तो खरंच दाराकडे वळला. पण त्याच्यामागे कुणी उठलं नाही. व्हर्ना मघापासून तुळईच्या काळ्या टोकाकडे बघत होती.

“मला एक येते,” ती म्हणाली. “पण ती चांगली नाही. आमच्या घरी तिची लाज वाटायची.”

“चांगली मी मागितली नव्हती,” मर्डिना म्हणाली.

व्हर्नाने बसल्या जागी सांगितली. तिचे वडील कोळशाच्या खाणीत होते, घर खाणीच्या कंपनीचं. संपाच्या वर्षी कंपनीने दुकानातली उधारी बंद केली, मग कोळसाही. जन्मभर कोळसा खणणाऱ्याच्या घरात चूल थंड. मार्च उजाडला तरी बर्फ होता, आणि तिचा धाकटा भाऊ अंगावरच्या दुधाचा. आईने कुऱ्हाड घेतली आणि घरातला जिना जाळायला काढला. वरून सुरुवात केली, रोज एक पायरी. सगळे स्वयंपाकघरात झोपू लागले. संप संपल्यावर कंपनीचा माणूस घरं तपासायला आला. वर बघतो तर जिनाच नाही.

“तो म्हणाला, ‘जिना कुठाय?’ आई म्हणाली, ‘धुराड्यातून वर गेला. पाहिजे तर जा मागोमाग.’”

मर्डिनाच्या सुया थांबल्या. मग ती हसली. मी तिला इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसू खोलीभर पसरलं. व्हर्ना आधी बावरली, मग तीही हसू लागली.

“गल्लीतली पोरं आम्हाला ‘जिनाखाऊ’ म्हणायची,” ती म्हणाली. “आईने शपथ घातली होती, बाहेर बोलायचं नाही म्हणून.”

“आईचं नाव काय?”

“केटी.”

“मघाशी विचारलं तेव्हा हे सांगायचं नाही का? तू जिना जाळणाऱ्या केटीची व्हर्ना.” मर्डिनाने माझ्याकडे बघितलं. “मास्तर, ऐकलंत ना? विसरू नका.”

नियमाप्रमाणे पाळी पुन्हा घराकडे आली. आता मर्डिनाने सीलमाशाच्या बायकोची गोष्ट सांगितली, पूर्ण, एकही वळण न गाळता. मग एका ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्याने मेंढ्या हरवल्याची सांगायला घेतली. गॅव्हिन दारातून म्हणाला, “उठा, प्लीज.” म्हातारा म्हणाला, “माझ्या मेंढ्या अजून सापडायच्यात.” ड्रायव्हर आत येऊन विस्तवापाशी बसला आणि त्याने बूट काढले, तेव्हा गॅव्हिनला काय ते कळलं.

बोट गेली. ती शनिवारची शेवटची बोट होती, आणि त्या काळी रविवारी आमच्या बेटावरून बोट सुटत नसे, दुकान उघडत नसे, दोरीवर कपडेही वाळत घालत नसत. हे गॅव्हिनला ठाऊक होतं, पण सोमवारपर्यंत सगळ्यांना झोपवायचं कुठे, हा प्रश्न त्याला आजवर पडला नव्हता. गावाने तो तासाभरात सोडवला. केनीने चौघांना घरी नेलं, आणि त्या रात्री त्याच्या बायकोचे पायमोजे संपले.

रविवारी सकाळी व्हर्ना मोठ्या उत्साहाने मर्डिनाच्या दारात आली. मर्डिना काळी टोपी घालून चर्चला निघाली होती.

“आज गोष्टी नाहीत?”

“आज देवाचा वार. आज तो बोलणार, आपण ऐकायचं.”

“मग त्याला नियम नाही का?”

“त्याने पहिली सांगून ठेवलीय. आपली अजून चाललीय,” मर्डिना म्हणाली आणि तिला बरोबर घेऊन गेली. गॅव्हिनला केनीने दोन्ही वेळच्या प्रवचनांना बसवलं, तीही इथल्या गेलिक भाषेत, ज्यातलं त्याला अक्षर कळत नव्हतं. जेवायला आदल्या दिवशी उकडून ठेवलेले गार बटाटे होते.

सोमवारी धक्क्यावर मीही गेलो होतो. व्हर्ना बोटीवर चढली तेव्हा केनी खालून ओरडला, “नीट जा गं, केटीच्या व्हर्ना. पायऱ्या जपून.” कोटावर बिल्ला होता की नव्हता, मी पाहिलं नाही. गॅव्हिन मागे थांबला होता.

“कंपनी आता बस पाठवणार नाही, मर्डिनाबाई. मी बोलून बघेन, पण ऐकणार नाहीत.”

“ठाऊक आहे मला.”

“मग का केलंत?”

“ते माझं घर आहे म्हणून. तू ये की. बसशिवाय ये, आणि येताना गोष्ट घेऊन ये. कागद नको.”

बस नाही आली. त्या उन्हाळ्यात ती आमच्या रस्त्याने वेग कमी न करता यूइनच्या गावाला जायची, आणि मर्डिना अंगणात असली तर तिकडे पाठ करून कांड्या भरत बसायची. केनीच्या टपरीत मेंढ्या उभ्या राहू लागल्या. त्याने धक्क्यावरची मजा केव्हाच विसरून अबोला धरला होता. मर्डिनाने समजूत काढली नाही. चुकले, असंही म्हणाली नाही. तिच्या मते ती चुकलीच नव्हती.

नोव्हेंबरात, वारा सुटलेल्या एका संध्याकाळी, दार न वाजवता केनी आत आला आणि विस्तवाजवळ बसला. मागोमाग त्याची बायको आणि आणखी दोन शेजारी. मर्डिना मागावर होती, एक गज पुरा करायचा होता तिला. मागावरूनच तिने पहिली गोष्ट सांगितली. मग सगळ्यांनी केनीकडे पाहिलं.

केनीने घसा खाकरला आणि जिना जाळणाऱ्या केटीची गोष्ट लावली. चांगली सांगत होता. बर्फ होता, कुऱ्हाड होती, अंगावरचं मूल होतं. मग कंपनीचा माणूस आला, आणि त्याच्याबरोबर एक मोठा कुत्रा आला.

“कुत्रा नव्हता,” मी म्हणालो. मास्तरकीची खोड.

“माझ्या गोष्टीत आहे,” केनी माझ्याकडे न बघता म्हणाला.

माग थांबला. आम्ही सगळे मर्डिनाकडे बघू लागलो, कारण गोष्टीतला शब्दही इकडचा तिकडे झालेला तिला खपत नसे. तिने तुटलेला धागा शोधला, गाठ मारली, आणि पुन्हा पावडीवर पाय ठेवला.

“असू दे कुत्रा,” ती म्हणाली. “चावरा असू दे.”