आत्याबाई आणि डोंगरमाथ्यावरचा ढीग

झाकलेली अशी एकही वस्तू परमेश्वराने या जगात ठेवायला नको होती, असं आमच्या ह्यांच्या आत्याबाईंचं ठाम मत होतं. आणि ठेवलीच आहे, तर ती उघडून बघायला त्याने आपल्यालाच धाडलंय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. कुणाच्याही घरी गेल्या की "कशी आहेस गं?" असं विचारता विचारता त्यांचा हात चुलीवरच्या पातेल्याकडे जायचा आणि उत्तर मिळायच्या आत ताटली वर व्हायची. त्यांना खायचं काही नसे. आत वांगं आहे की वाल एवढं कळलं की ताटली पूर्ववत, आणि मग बाई शांतपणे खुर्चीवर. आमच्या लग्नात आलेल्या आहेरांची पुडकी आम्ही दोघांनी पाहण्याआधी त्यांनी पाहिली होती, आणि मांडवातच मला सांगितलं होतं, "तीन कंदील आलेत. दोन देऊन टाक." एकदा उपासनेत पाळकसाहेब लाजराला कबरेतून उठवल्याच्या प्रसंगावर अगदी रंगून बोलत होते. सगळी मंडळी डोळे पुसत होती. आत्याबाईंनी पहिल्या बाकावरून हात वर केला. "लाजर बाहेर आला, ते उत्तम झालं. पण मग त्या रिकाम्या कबरेचं पुढे काय केलं?" पाळकसाहेबांना त्या दिवशी शेवटची प्रार्थना जरा लवकर घ्यावी लागली.

मुलींच्या शाळेत त्या आयुष्यभर हेडमास्तरीण होत्या, त्यामुळे प्रश्न विचारण्याची सवय मुरलेली होती आणि उत्तर चुकलं तर पुन्हा विचारण्याचीही. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण प्रश्न काही सुटले नाहीत. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पुरुषी छत्री अशा वेशात त्या नगरच्या आसपासचे ओढे आणि माळ पालथे घालीत. त्यांच्या खोलीत कपड्यांपेक्षा दगड जास्त होते. गारगोटीचं एक बोटाएवढं पातं त्यांना नदीकाठी सापडलं होतं, त्याने त्या पेरू चिरायच्या. "हे कुणीतरी माझ्याआधी वापरलेलं आहे," असं म्हणायच्या, आणि फोड हातात देत पुढे विचारायच्या, "त्यानं काय चिरलं असेल गं?" फोड घशाखाली उतरायची नाही. परवानगीच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. "आधी विचारलं की माणसं नाही म्हणतात. म्हणून विचारू नये. नंतर आभार मानावेत."

मी मिशनच्या दवाखान्याची कोठी सांभाळते. माझ्याकडे साबणाची वडीसुद्धा नोंद झाल्याशिवाय बाहेर जात नाही. अशा बाईची आणि आत्याबाईंची गट्टी कशी जमली, असं लोक विचारत. खरं म्हणजे त्यांना निघायचं सुचायचं आणि मला निघता यायचं. त्यांच्याबरोबर जायचं तर पाणी, दोरी, आयोडीन, भाकऱ्या, हे सगळं कुणीतरी आठवणीने घ्यायला हवं, आणि मला आठवणीने घ्यायला आवडतं.

लढाईच्या दिवसांत त्यांच्या डोक्यात तो डोंगर शिरला. पारनेरच्या बाजूला एका डोंगराच्या अगदी माथ्यावर दगडांचा मोठा ढीग आहे, असं दवाखान्यात आलेल्या एका बाईने त्यांना सांगितलं. आत्याबाईंनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की लोखंड नुकतं वापरायला लागलेली फार जुनी माणसं आपल्या मेलेल्यांना पुरून वर असे ढीग रचत. झालं. त्या दिवसापासून आमच्या सगळ्या आळीला त्या ढिगाखालच्या माणसाची ओळख होऊ लागली. आळीत एक निवृत्त ओव्हरसीअर राहत. ते म्हणाले, "बाई, डोंगरमाथ्यावरचे ढीग मोजणीवाल्यांनी रचलेले असतात. दुर्बीण लावायला. कबर कसली?"

"तुम्ही पाहिलाय?"

"पाहायला कशाला हवा? मी खात्यात होतो."

"म्हणूनच," आत्याबाई म्हणाल्या.

ओव्हरसीअर चिडले आणि चारचौघांत बोलून गेले, की त्याखाली कबर निघाली तर मी चर्चमध्ये गाणं सोडीन. हे गृहस्थ दर रविवारी सर्वांच्या आधी सुरू करीत आणि सर्वांच्या नंतर थांबत, तेही मधल्या काळात चालीशी काही संबंध न ठेवता. त्यामुळे पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पेटी वाजवणाऱ्या बाईंनी आत्याबाईंचा हात हातात घेतला आणि कळवळून म्हटलं, "कबरच निघू दे हो." आत्याबाईंना मात्र गाण्याचं सोयरसुतक नव्हतं. रात्रंदिवस त्यांच्या मनात एकच होतं, खाली कुणी आहे की नाही. "आता गुडघे ऐकतात तोवर बघून यायला हवं," त्या मला म्हणाल्या. "न बघता मेले तर तिकडे वरही मला चैन पडणार नाही."

पेट्रोलच्या टंचाईमुळे सर्व्हिस मोटारी तेव्हा कोळशाच्या धुरावर चालत. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. आत्याबाई छत्रीने टोचून बाकीच्यांकडून ढकलून घेत होत्या आणि त्या गडबडीत ड्रायव्हरला कोळशाच्या टाकीचं झाकण उघडायला लावून त्यांनी आतलंही पाहून घेतलं. पुढे बैलगाडी, मग पायवाट. डोंगराच्या निम्म्यावर एक म्हातारा मेंढपाळ भेटला, तो वाट दाखवायला थोडं बरोबर आला.

"त्यो ढीग व्हय? गावचा हाय त्यो," तो म्हणाला. "गाव सोडून कुनी लांब निघाला, की आदी वर जायचं, आपला येक दगूड ठेवायचा, मंग जायचं."

"का?" आत्याबाईंनी विचारलं.

"रीत हाय."

"कधीपासून?"

"डोंगूर हाय तवापासनं. आता ह्या लढाईपायी लई वाडलाय बगा." एवढ्यात त्याची मेंढरं खालच्या शेताकडे वळली. "तुमी जावा वर. येकेक दगूड वाहा आन या खाली," असं ओरडत तो पळाला. रीत अर्धीच सांगून झाली होती, हे त्याला कळलं नाही आणि आम्हालाही.

माथा अगदी बोडका होता. वारा असा, की बोललेलं तोंडातच राहावं. एका बाजूला पायथ्याशी वाडीची कौलं आणि अंगणं स्पष्ट दिसत होती. मधोमध ढीग. वर हाताच्या ओंजळीत मावतील असे दगड, छातीएवढे उंच रचलेले, आणि सगळ्यांत वर एक दगड चुन्याने पांढराफेक रंगवलेला. पण आत्याबाई वर बघतच नव्हत्या. त्या खाली बसल्या होत्या. ढिगाच्या तळाशी, मातीत निम्म्या रुतलेल्या मोठाल्या शिळांचं एक गोल कडं होतं, करडं, शेवाळाने खपली धरलेलं. "हे मोजणीवाल्यांचं काम नव्हे," त्या हळूच म्हणाल्या. इतक्या हळू बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

दगड बाजूने उपसले तर वरचे अंगावर येणार, म्हणून वरून सुरुवात केली. त्या उचलून देत होत्या, मी गवतावर ओळीने मांडत होते, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने परत ठेवता यावेत म्हणून. पांढरा दगड ओळीत पहिला. ऊन चढलं, पातळाच्या पदराची पार चिंधी झाली, आणि अखेर खाली एक सपाट, रुंद शिळा लागली, दरवाजासारखी आडवी. एका कोपऱ्याशी फट होती. आत्याबाईंनी फटीत कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले.

"काय आहे?"

"गार आहे," त्या म्हणाल्या. "आत पोकळी आहे."

हात बाहेर आला तेव्हा त्यात खापराचा एक तुकडा होता. आतून काळा कुळकुळीत, बाहेरून तांबडा, काठ इतका गुळगुळीत की बोट घसरावं. मला एरवी दगडामातीचं फारसं कौतुक नाही, पण त्या काठावरून मीही दोनदा बोट फिरवलं. कुणीतरी, कुणासाठी तरी, तिथे एक भांडं ठेवलं होतं. झाकणांत आयुष्य गेलेल्या आत्याबाईंसमोर ते सगळ्यांत मोठं झाकण होतं. दोघींचा एक नेट, की सरकलं असतं.

तेवढ्यात उतारावरून हाक आली, "आला का? आला का वो?"

एक म्हातारी अनवाणी धापा टाकत वर येत होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. दूरच्या प्रवासाहून आलेल्यावरून ओवाळून टाकतात तसा. वर पोचली, तिने आमच्याकडे पाहिलं, ढिगाच्या पलीकडे डोकावून पाहिलं.

"कुठं हाय?"

"कोण, आजी?"

"माझा सख्या. लढाईवर गेलाय न्हवं का! दगूड उतरलाय त्याचा. अंगनातनं दिसना, म्हून तशीच पळत आले."

मग तिच्याकडूनच रीतीचा राहिलेला अर्धा भाग कळला. जाणारा दगड ठेवून जातो, आणि परत आला की आधी डोंगर चढून आपला दगड काढतो, खांद्यावर घेऊन घरी नेतो आणि दाराशी ठेवतो. बाकीच्या कुणी त्याला हात लावायचा नसतो. आपला मुलगा आला की नाही हे खालून समजावं म्हणून म्हातारीने त्याचा दगड चुन्याने रंगवून घेतला होता. रोज सकाळी अंगणात आली की आधी वर बघायची.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून एकही प्रश्न येत नव्हता.

"तो आलेला नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "दगड मी काढला."

"तुमी? का वो?"

"खाली काय आहे ते बघायचं होतं."

"खाली?" म्हातारीला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "खाली काय आसनार, बाई? आदीच्या लोकांचे हायती. ज्ये आलेच न्हाईत त्यांचे." मग गवतावरच्या पांढऱ्या दगडाकडे बघून तिचा चेहरा एकदम उतरला. "आता ह्यो परत कोन ठिवनार? ज्याचा त्यानं ठिवायचा आसतो. आन त्यो तर तिकडं हाय."

आत्याबाई उठल्या, पदराला हात पुसले आणि वर्गात बोलावं तशा ठाशीव आवाजात म्हणाल्या, "आजी, मी हा न विचारता काढला. म्हणजे चोरलाच. चोराने वस्तू जागच्या जागी आणून ठेवली तर ती कुणाची?"

"धन्याची."

"मग? ठेवणारा सखारामच. मी नुसती चोर."

म्हातारीने तांब्या खाली टेकवला. "आसं म्हनता?" ती म्हणाली. "बरं. मंग ठेवा नीट."

आम्ही पुन्हा दगड रचायला लागलो. म्हातारी थोडी पलीकडे तांब्या घेऊन पाठमोरी बसली होती. शिळा अजून उघडी होती. मी हळूच म्हटलं, "आत्या, एवढं केलंच आहे तर एकदा जरा सरकवून—" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातलं खापर फटीतून होतं तिथे आत सोडलं. ते पडल्याचा बारीकसा आवाज झाला. "दगड दे," त्या म्हणाल्या.

पांढरा दगड सर्वांत शेवटी चढला. म्हातारी माथ्याच्या कडेला उभी राहून खाली आपल्या अंगणाकडे आणि वर ढिगाकडे आळीपाळीने बघत सांगत होती, "वाईच डावीकडं. चुन्याची बाजू माझ्याकडं करा. हां." मग ती जवळ आली. ओवाळायला आणलेला तुकडा परत न्यायचा नसतो, म्हणाली. "तुमी तरी लांबनं आलाय." आणि अशा समजुतींवर शाळेत मुलींना तास तास बोलणाऱ्या आमच्या आत्याबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. म्हातारीने त्यांच्यावरून तुकडा ओवाळला, दूर फेकला, त्यांच्या बुटांवर पाणी ओतलं आणि उतरायला लागली.

नगरला परतल्यावर ओव्हरसीअर फाटकातच उभे होते. "काय निघालं, बाई?"

"तुमच्या खात्याचाच असेल," आत्याबाई म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्या रविवारी ओव्हरसीअरांनी असा काही आवाज लावला, की पेटीवाल्या बाईंनी आत्याबाईंशी दोन महिने बोलणं टाकलं.

पुढे लढाई संपली. त्या वाडीचा एक माळी बाजारच्या दिवशी आमच्या आळीत वांगी घेऊन येई. वांगी आमच्या घरात कुणालाच फारशी आवडत नाहीत, पण आत्याबाई दर खेपेला घेत, आणि पैसे देताना विचारत, "आणखी कुणी आलं का रे?" तो सांगे: अमका आला, तमका आला, दगड घेऊन गेले. "ढीग बारीक झालाय आता." "आणि पांढरा?" "हाय की. म्हातारी दर दिवाळीला चुना देती." पुढे म्हातारीला डोंगर चढवेना, तेव्हा तो माळीच चुना द्यायला वर जाऊ लागला. चुना आमच्या कोठीतून जायचा. पुडी बांधून द्यायचं काम अर्थातच माझं.

ज्या वर्षी आत्याबाई गेल्या, त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या बाजाराला तो आला आणि पाटी खाली न ठेवता दारातच घुटमळत राहिला. मागावं की नाही, त्याला कळेना. मी विचारलं, "पांढरा आहे अजून?"

"हाय," तो म्हणाला.

मी आत जाऊन पुडी घेऊन आले. वांगीही घेतली.