सेल्मर ल्युंडेची पांढरी नखं

१९५२च्या मे महिन्यात, कॉलेजची बेसबॉल टीम मोसमातली शेवटची मॅच हरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, नॉर्डबी गावात कुजबूज सुरू झाली. न्हाव्याचा सेल्मर म्हणे समोरच्या बॅट्समनना कानात सांगत होता, पुढचा चेंडू कुठला येणार ते. कुणी म्हणालं, त्या कॉलेजातली एक पोरगी त्याच्या मनात भरली होती. चर्चच्या तळघरात कॉफी ओतणाऱ्या बायकांनी तर त्या पोरीच्या केसांचा रंगही ठरवून टाकला. लाल.

सेल्मर टीमचा कॅचर. बॅट्समनच्या मागे उकिडवं बसायचं आणि पिचरचे चेंडू झेलायचे, हे काम त्याने तीन वर्षं केलं. डावा तळवा सुजून पावासारखा झाला, उजव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडी जुळली. मिनेसोटात एप्रिलपर्यंत मैदानावर बर्फाचा चिखल असतो. कोच ब्रेकी, एरवी भूगर्भशास्त्र शिकवणारे, त्या चिखलावर पेट्रोल ओतून काडी लावत, म्हणजे जमीन लवकर सुकावी. बाहेरगावी खेळायला जायचं तर मयताची कामं बघणाऱ्या हॅगनची लांब काळी गाडी मागून आणत. ती दिसली की वाटेतले लोक टोप्या काढून उभे राहत. टीम ज्या रीतीने हरत होती ते बघता, त्यात काही फार चुकत होतं असंही नाही.

सेल्मरच्या चौथ्या आणि शेवटच्या वर्षी डाकोटातून व्हर्लिन हॅक आला. उंच, लाजाळू, आणि हात असा की चेंडू सुटला की शिट्टी वाजायची. वसतिगृहात जागा नव्हती. कोचनी त्याला कुठे ठेवावं? न्हाव्याच्या घरी, सेल्मरच्या खोलीत. खिडकीजवळचा पलंगही त्यालाच मिळाला, कारण पाहुण्याला वारा लागायला हवा.

आठवडाभरात आई बदलली. लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, त्या घरात फक्त ख्रिसमसला व्हायची. त्या वर्षी ती एप्रिलमध्ये झाली.

"आई, आज कसला सण आहे?" सेल्मरने विचारलं.

"पोरगा घरापासून लांब आहे रे," थोराबाई म्हणाल्या आणि व्हर्लिनच्या पोळीवर आणखी साखर भुरभुरली. "तू काय, इथलाच."

बाप त्याहून वरचढ. पेडर ल्युंडेने दुकानातल्या आरशावर व्हर्लिनचा पेपरातला फोटो चिकटवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागला, "हा आमचा."

"आणि तो मागे बसलेला कोण?" एकाने डोळा मारत विचारलं.

"तोही आमचाच," पेडर वस्तरा पुसत म्हणाला. "पण तो फोटोत अर्धाच आलाय."

व्हर्लिनचं एक गुपित होतं, आणि ते फक्त सेल्मरला ठाऊक होतं. त्याला लांबचं नीट दिसत नव्हतं. कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटं धरून पिचरला इशारा करतो: एक बोट म्हणजे सरळ वेगाचा, दोन म्हणजे वळणारा. व्हर्लिनला चाळीस हातांवरून ती बोटं म्हणजे नुसतं धुकं.

"चष्मा घाल ना," सेल्मर म्हणाला.

"मोठ्या क्लबचा माणूस चष्मेवाल्या पिचरकडे बघतसुद्धा नाही. तू कुणाला सांगू नको हं, दादा."

दादा म्हणाला, म्हणून सेल्मर विरघळला. बुटाचं पांढरं पॉलिश घेऊन त्याने नखं रंगवली. त्यावरून मुलींनी टवाळी केली, "आज ओठही रंगवणार का?" त्याने ती सोसली. टीम लागोपाठ सहा मॅच जिंकली. पेपरात सहा वेळा व्हर्लिनचं नाव आलं. नखांबद्दल कोण लिहिणार?

शेवटची मॅच वॉलिंगफर्ड कॉलेजशी होती, आणि शिकागोहून मोठ्या क्लबचा, खेळाडू हेरणारा माणूस येणार होता. सेल्मरला वाटलं, पिचरला बघणाऱ्याच्या डोळ्यांत कॅचर आपसूक येतोच. नाहीतर जूनपासून बापाच्या दुकानातली दुसरी खुर्ची होतीच. त्याने सकाळी केस कापून घेतले, पायांवरच्या ढालींचे पट्टे चकचकीत केले. सराव चालू असताना तो क्लबचा माणूस, करड्या टोपीतला, जाळीमागून खरंच त्याच्याशी बोलला.

"पोरा, जरा वाकून बसशील? तुझ्या पाठीमुळे त्याचा चेंडू वळताना दिसत नाही."

सेल्मर वाकून बसला.

नऊ डावांपैकी पहिल्या चारांत व्हर्लिनने कुणाला उभं राहू दिलं नाही. पाचव्यात वॉलिंगफर्डचा एक गडी दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेतल्या दुसऱ्या थांब्यावर, पोचला, पिचरच्या बरोबर पाठीमागे. तिथून कॅचरची बोटं समोर दिसतात, आणि पांढरी नखं तर दिव्यासारखी. मग धावा सुरू झाल्या. एक, तीन, पाच. ज्या चेंडूंनी महिनाभर माणसं चकत होती, ते आता कुंपणाला जाऊन लागत होते.

कोच ब्रेकी धापा टाकत मैदानात आले. "सेल्मर, त्याचा हात थकलाय का रे?"

"नाही कोच. चेंडू चांगले पडतायत."

"मग हे काय चाललंय?"

"त्यांचा दिवस दिसतोय."

व्हर्लिन डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत होता. करड्या टोपीच्या माणसाने वही मिटली आणि सातव्या डावात गाडी चालू केली. जूनमध्ये व्हर्लिन बापाच्या शेतावर परत गेला. तो जाताना थोराबाई रडल्या, आणि फोटो पुढची दोन वर्षं आरशावरून हलला नाही. त्याच आरशासमोर सेल्मर तीस वर्षं गावाच्या दाढ्या करत राहिला. तोंडाला साबण लावलेलं गिऱ्हाईक हमखास छेडायचं, "काय सेल्मर, कानात काय सांगितलंस त्यांच्या?" तो वस्तरा गळ्यावर टेकवून म्हणायचा, "हलू नका." लाल केसांची पोरगी शेवटपर्यंत कुणाला सापडली नाही.

बॅट्समनशी गप्पा मारायची कॅचरांची रीतच असते. सेल्मर त्या दिवशी हवेबद्दल आणि वॉलिंगफर्डच्या कोचच्या पोटाबद्दल बोलला, दुसरं काही नाही. पण अख्ख्या मैदानाकडे तोंड करून बसणारा गडी एकटा कॅचरच. दुसऱ्या बेसवरचा माणूस नखं बघून बॅट्समनला खूण करतो, वळणाऱ्या चेंडूच्या आधी टोपीला हात लावतो आणि सरळच्या आधी पट्ट्याला, हे त्याने पाचव्या डावातच पाहिलं होतं. अशा वेळी उठून पिचरपर्यंत जायचं आणि इशारे उलटे करायचे असतात. त्याला अर्धं मिनिट लागतं. सेल्मर उठला नाही.