मावशीचा भाजलेला हात

माझ्या मावशीची लाँड्री आहे. कॉलरवर पुसटसा डाग दिसला तरी ती कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही, पुन्हा पाण्यात घालते. स्वच्छतेत तिचा हात धरणारं आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कुणी नाही. मागच्या वर्षी वाफेच्या इस्त्रीने तिला कोपराखाली चांगलंच भाजलं.

"साध्या पाण्याने हलकेच धुवा आणि झाकून ठेवा," डॉक्टरांनी सांगितलं. मावशीला ते फारच मिळमिळीत वाटलं. काही आठवड्यांनी मी गेले, तेव्हा ती जंतुनाशक ओतून कापसाने जखम खसाखसा पुसत होती. कडा पांढऱ्या पडल्या होत्या, मधे लालभडक.

"दिवसातून चारदा धुते, तरी भरत नाही मेली."

"धुतेस म्हणूनच भरत नाही."

मी प्रयोगशाळेत त्वचेवरच्या जंतूंवरच काम करते. तिला म्हटलं, "सगळे जंतू चोर नसतात, मावशी. काही जुने भाडेकरू असतात. आपल्या रक्षक पेशी त्यांना ओळखतात, आणि त्यांच्या चाहुलीनेच काही पेशी जखम भरायला मदत करतात. हे उंदरांमध्ये दिसलंय, माणसांत अजून तपासतोय. पण इतक्या कडक औषधाने कोवळी कातडीही जळते, हे नक्की."

"म्हणजे माझ्या हातावर जंतू राहतात?"

"माझ्याही राहतात."

"तुझी खोली पाहिलीय मी. राहणारच."

मी हसले, पण हटले नाही. "पू आला, ताप आला, लाली पसरली, तर लगेच डॉक्टरांकडे. तोवर त्यांनी सांगितलंय तेवढंच करायचं."

तिने बाटली माझ्या पिशवीत कोंबली. "घेऊन जा. समोर दिसली तर हात शिवशिवतील."

पुढचे दिवस तिला जड गेले. रोज फोन, रोज कुरकुर. मग एका सकाळी आवाज बदलला. "कडेने गुलाबी कातडी धरतेय गं." जखमेच्या कडा हळूहळू आत आत सरकल्या आणि ती मिटली. वण राहिला, पण हात पूर्वीसारखा वळू लागला.

आमच्या अभ्यासासाठी तिने स्वतःहून त्वचेचा नमुना दिला. दोन दिवसांनी मी तिला प्रयोगशाळेत बोलावून जंतू वाढवायची झाकणाची बशी दाखवली. तिच्याच हातावरचे जंतू मोहरीएवढे ठिपके होऊन वाढले होते. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"दिसतात तर गरीब," ती म्हणाली. "बरं, झाकण लाव त्यांच्यावर. मला हॉटेलच्या चादरी द्यायच्यात."

आणि पदर खोचून ती निघालीसुद्धा.